टोचून घेतले कोणी?

(जामसांवली येथे मंडळाच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण बी. कॉम., आणि वीस वर्षे काउंटरच्या आत बसून आकड्यांशी जो संबंध आला तेवढाच आमचा अधिकार. तरीही कार्यकारिणीने हा विषय आमच्या गळ्यात घातला, त्याचे कारण मागच्या बैठकीला हजर असलेल्यांना ठाऊक आहे. जिल्हा प्रशासनाला द्यायच्या निवेदनात लसीकरणाचा मुद्दा निघाला आणि सभेचे दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे होते की ज्या टोल्यांवर मुलांना लशी पडत नाहीत त्यांच्यामुळे आपल्या नव्या जिल्ह्याचे नाव खराब होते, अशा कुटुंबांच्या योजना बंद करा असे आपणच लिहून द्यावे. दुसऱ्या तटाचे म्हणणे होते की लशीचे सगळे आकडे बनावट, करोनापासून माणसे उभ्या उभ्या मरतात ती सुईमुळे, तेव्हा या विषयाला हातच लावू नये. आवाज चढले, चहा थंड झाला, ठराव राहिला. शेवटी अध्यक्षांनी आम्हाला सांगितले की आकडे तुम्ही बघा आणि पुढच्या बैठकीत मांडा. ते मांडायला उभे आहोत.

सुरुवात बँकेपासून करतो, कारण चूक आम्ही स्वतः केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी वरून आदेश आला की गावोगाव शिबिरे घ्या आणि शेतकऱ्यांना कर्ज, व्याज, हप्ता समजावून सांगा. शिबिरे झाली, बॅनर लागले, फोटो निघाले. वर्षअखेर अहवाल मागितला गेला. शिबिराला आलेल्यांची खाती आणि न आलेल्यांची खाती आम्हीच वेगळी काढली, आम्हीच बेरजा मारल्या आणि आम्हीच लिहिले की शिबिरास उपस्थित राहिलेल्या खातेदारांची परतफेड पुष्कळच चांगली आहे, सबब शिबिर परिणामकारक ठरले. साहेबांनी पाठ थोपटली. आकडा खरा होता. एकही खाते आम्ही लपवले नव्हते.

पुढे एकदा काम कमी होते, तेव्हा सहज म्हणून त्याच खात्यांचे आदल्या वर्षाचे उतारे काढले. आणि खुर्चीतच बसून राहिलो. शिबिराला आलेले लोक शिबिराच्या आदल्या वर्षीही वेळेवर हप्ता भरत होते. न आलेले तेव्हाही थकलेले होते. शिबिराने काय केले ते त्या अहवालातून कळतच नव्हते. अहवालातून एवढेच कळत होते की शिबिराला कोण येतो. येतो तो रस्त्याकाठच्या गावचा, मोटरसायकलवाला, बँकेच्या माणसाला तोंड दाखवायला न घाबरणारा. येत नाही तो दुसऱ्याच्या संत्राबागेत रोजाने जाणारा, किंवा दोन हप्ते थकल्याने बँकेचा माणूस दिसला की मागच्या दाराने निघणारा. शिबिर झाले नसते तरी या दोघांच्या खात्यांत तोच फरक निघाला असता.

आता खात्यांच्या जागी माणसे ठेवा आणि शिबिराच्या जागी लस ठेवा. लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना करून आपण म्हणतो, घेतलेल्यांत मृत्यू कमी, म्हणजे लशीने इतके वाचवले. पण लस घ्यायला स्वतःहून जातो कोण? बहुधा तो, जो पाणी उकळून पितो, बीपीची गोळी चुकवत नाही, दारू बेताने घेतो, ताप आला की दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठतो. आणखी एक गोष्ट आहे, ती घरोघरी पाहिलेली असून कोणाच्या लक्षात येत नाही. घरात खाटेला खिळलेला म्हातारा असतो. शिबिर शाळेत आहे. त्याला उचलून कोणी नेत नाही, आणि नेला तरी नर्सबाई म्हणतात, याला बरे वाटू द्या मग आणा. दोन महिन्यांनी तो जातो. रजिस्टरात त्याची नोंद 'लस न घेतलेला, मृत' अशी होते. तो लस न घेतल्याने मेला नाही. मरणाच्या वाटेवर होता म्हणून त्याला लस मिळाली नाही. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते आणि बेरीज मात्र बरोबर येते.

आपण ज्या गावी बसलो आहोत तिथे ही गोष्ट समजायला फार लांब जायला नको. जामसांवलीच्या मारुतीरायापुढे मनाच्या दुखण्याचे किती लोक आणले जातात ते आपण पाहतो. पिंपळाखाली निजलेल्या त्या मूर्तीवरच्या श्रद्धेचा हिशेब आम्ही मांडत नाही, तो कारकुनाचा विषयही नाही. एवढेच लक्षात आणून देतो की इथे जो येतो त्याच्यासोबत घरचे कोणीतरी असते. आई असते, भाऊ असतो, कामधंदा सोडून दिवसचे दिवस इथे राहतात, वेळेवर खाऊ घालतात, हात धरून बसतात. ज्याला घरच्यांनी टाकून दिले तो इथवर पोचतच नाही. तेव्हा आलेल्यांची आणि न आलेल्यांची तुलना करायला निघालात तर तुम्ही देवाची परीक्षा घेत नाही, घराघरांतल्या मायेची घेता.

हा घोळ नवा नाही. तो मोठ्या प्रमाणावर पुढे आला तो आपल्या मुंबईतही, प्लेगच्या साथीत, आणि त्याचा उलगडा ज्या पद्धतीने झाला ती आजही शिकण्यासारखी आहे.

1896 साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन हा शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून लस बनवू लागला आणि 10 जानेवारी 1897 ला त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. 30 जानेवारीला हाफकिनने कैद्यांना विचारले, कोण टोचून घेतो? सुमारे दीडशे कैदी पुढे आले, त्याहून काहीसे जास्त मागे राहिले. टोचले त्याच दिवशी ज्यांच्या अंगात रोग दिसला ते सोडून पुढचा हिशेब असा झाला की न टोचलेल्यांत 12 जणांना प्लेग झाला आणि 6 मेले. टोचलेल्यांत 2 जणांना झाला आणि मेले कोणी नाही.

आकडा उत्तम. पण आमच्या शिबिराच्या अहवालासारखाच. पुढे आले ते कैदी कोण होते? कदाचित धडधाकट, कदाचित जिवाला जपणारे. मागे राहिले ते अशक्त असतील, हताश असतील. सांगता येत नाही.

हाफकिनची बुद्धी अशी की त्याने पुढची पायरी घेतली. 1 जानेवारी 1898 ला उमरखाडीच्या तुरुंगात त्याने कैद्यांना ओळीने बसवले आणि कोणाची मर्जी न विचारता एक सोडून एक टोचत गेला. (मर्जी न विचारता टोचणे हे आज कोणालाही मान्य होणार नाही, आणि होऊ नये. पण हिशेबाच्या बाजूने काय घडले ते बघा.) आता टोचलेला कोण आणि न टोचलेला कोण हे कैद्याच्या स्वभावाने ठरले नाही, ओळीतल्या जागेने ठरले. भित्रे दोन्हीकडे सारखे, धीट दोन्हीकडे सारखे, अन्न तेच, कोठडी तीच. निकाल लागला तो असा : न टोचलेल्यांत 10 जणांना प्लेग, 6 मृत्यू; टोचलेल्यांत 3 जणांना प्लेग, मृत्यू एकही नाही. माणसे वाटून घेण्याची रीत बदलली तरी लस उभी राहिली. आता तिच्यावर विश्वास ठेवायला आधार झाला.

तिसरी पायरी तर खेड्यातली आहे. फेब्रुवारी 1898 मध्ये गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, बडोद्याजवळ उंढेरा नावाच्या गावात प्लेग होता. तिथे प्रत्येक घरातली साधारण निम्मी माणसे टोचली आणि निम्मी तशीच ठेवली. म्हणजे चूल तीच, उंदीर तेच, विहीर तीच. पुढे 28 घरांत प्लेग शिरला. त्या घरांत न टोचलेली 64 माणसे होती, त्यांपैकी 27 जणांना प्लेग झाला आणि 26 गेली. टोचलेली 71 होती, त्यांपैकी 8 जणांना झाला आणि 3 गेली. हे तीन ओळींचे कोष्टक आम्ही कितीदा वाचले असेल. एकाच घरात एक भाऊ टोचलेला आणि एक न टोचलेला, आणि पुढे त्या घरात कोण उरले, असा विचार मनात आला की आकडे नुसते आकडे राहत नाहीत.

त्या काळी सरकारवर लोकांचा विश्वास किती होता हे पुण्यात 22 जून 1897 ला रँडवर झालेल्या गोळीबाराने दाखवून दिले होते. प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरणारे सोल्जर लोकांनी पाहिले होते. त्याच साथीत 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई फुले रोग्याची सेवा करता करता गेल्या. अशा दिवसांत 'सरकार म्हणते म्हणून घ्या' एवढ्याने काम भागणार नव्हते. आजही भागत नाही. दाखवून द्यावे लागते, आणि दाखवायची रीत सचोटीची असावी लागते.

पुढे 1904 मध्ये इंग्लंडात कार्ल पिअर्सन या गणितज्ञाने पलटणीतल्या टायफॉइडच्या लशीचे आकडे तपासले आणि नेमकी हीच शंका काढली, की स्वतःहून लस घेणारा शिपाई मुळातच जिवाला जपणारा असेल तर? त्याने उपाय सुचवला तो इतका साधा की आमच्यासारख्यालाही पटावा. जे स्वतःहून तयार आहेत त्यांचीच यादी करा, आणि त्या यादीतल्या एकाआड एक माणसाला लस द्या. म्हणजे दोन्ही बाजूंना तयार असलेलेच आले. आज औषधांच्या चाचण्यांत चिठ्ठी टाकून गट पाडतात, त्याचे बीज यात आहे.

हा उपाय केला नाही तर काय होते आणि केला तर काय होते, हे एकाच शहरात पाहायला मिळाले ते न्यूयॉर्कमध्ये. तिथे क्षयरोग्यांच्या घरातल्या बाळांना बीसीजी देऊन पाहत होते. 1927 ते 1932 या काळात कोणत्या बाळाला लस द्यायची ते डॉक्टरच ठरवत. लस दिलेली 445 बाळे, क्षयाने 3 गेली. न दिलेली 545, त्यांतली 18 गेली. पाचपट फरक! नंतर 1933 पासून रीत बदलून बाळे आळीपाळीने एकदा या गटात, एकदा त्या गटात घातली. लस दिलेल्या 566 पैकी 8 गेली, न दिलेल्या 528 पैकीही 8 गेली. फरक जवळपास नाहीसा. मग पहिला पाचपट फरक कुठून आला होता? डॉक्टर नकळत अशा घरांतली बाळे निवडत होते जिथली आई समजूतदार आहे, दवाखान्यात नेमाने येते, सांगितलेले ऐकते. त्या आईचे श्रेय लशीच्या खात्यावर जमा झाले होते. चुकीच्या खात्यात जमा पडणे आम्हा बँकवाल्यांना रोजचे आहे, पण इतकी मोठी नोंद चुकीच्या खात्यात जावी हे विलक्षण.

यावरून कोणी लगेच म्हणू नये की बीसीजी निरुपयोगी. आपल्याच देशात मद्रासजवळ चेंगलपट्टू भागात 1968 पासून अडीच लाखांहून जास्त लोकांवर चिठ्ठी पद्धतीने फार मोठी चाचणी झाली. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून बीसीजीने बचाव केल्याचे तिच्यात दिसले नाही, आणि तो निकाल लपवला नाही, छापला. पण लहान बाळांना होणारा मेंदूज्वराचा क्षय आणि अंगभर पसरणारा क्षय यांपासून ती बचाव करते, म्हणून आपल्या नातवंडांना जन्मल्यावर ती टोचतात आणि टोचलीच पाहिजे.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या अभ्यासकांनी 2006 मध्ये जे दाखवले ते तर हुबेहूब आमच्या आदल्या वर्षाच्या उताऱ्यासारखे आहे. तिथे म्हाताऱ्या माणसांना दरवर्षी फ्लूची लस देतात. लस घेतलेल्यांत हिवाळ्यातले मृत्यू जवळजवळ निम्मे, असे अभ्यास येत होते. या मंडळींनी 65 वर्षांवरच्या 72 हजारांहून जास्त लोकांच्या आठ हंगामांच्या नोंदी घेतल्या आणि विचारले, फ्लूची साथ सुरू होण्याच्या आधी काय होते? साथच नाही तेव्हा लस कोणाला वाचवणार? पण त्या काळातही लस घेतलेल्यांत मृत्यूचा धोका 61 टक्के कमी निघाला. साथीच्या काळात तो 44 टक्के कमी होता. म्हणजे जेव्हा लशीला काही काम नव्हते तेव्हाच तिचे श्रेय सर्वांत जास्त! उघड आहे की तो फरक लशीचा नव्हता, माणसांचा होता. लशीने थोडे वाचवले असेलही. पण निम्मे वाचवले असे त्या आकड्यावरून म्हणता येत नव्हते.

आता आपल्या वादाकडे येतो.

करोनाच्या काळात, सप्टेंबर 2021 मध्ये आयसीएमआरने सांगितले की एका डोसाने मृत्यूपासून 96.6 टक्के आणि दोन डोसांनी 97.5 टक्के संरक्षण मिळते. हे आकडे नोंदी एकमेकांना जोडून काढलेले होते, चिठ्ठी टाकून नव्हे. मे 2021 मध्ये अठरा ते चव्वेचाळीसच्या लोकांना लस कशी मिळत होती ते आठवा. मोबाइल हवा, ओटीपी हवा, वेबसाइट उघडली की दोन मिनिटांत जागा संपलेल्या. आमच्या शाखेतली तरुण मुले रात्री जागून नंबर लावत. ज्याच्याकडे साधा बटनाचा फोन, त्याने काय करायचे होते? म्हणजे त्या 97.5 मध्ये लशीचे संरक्षण आहे, आणि त्यासोबत स्मार्टफोनचे, पक्क्या घराचे, नागपूरला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीचेही संरक्षण थोडेबहुत मिसळलेले आहे. किती, ते वेगळे काढता येत नाही. उलट दिशेची भेसळही असते. डॉक्टर, नर्स, सफाई कामगार यांना लस आधी मिळाली आणि रोग्यांच्या सगळ्यांत जवळही तेच होते. तिथे लस आहे त्याहून कमी दिसू शकते.

मग लस खोटी का? नाही, आणि हे आम्ही ठासून सांगतो. कोव्हॅक्सिनची चाचणी 25 हजारांहून जास्त स्वयंसेवकांवर झाली. कोणाला लस आणि कोणाला नुसते पाण्यासारखे इंजेक्शन, हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि टोचणाऱ्यालाही नाही. तिच्यात लक्षणे दिसणाऱ्या करोनापासून 77.8 टक्के बचाव निघाला. हा उमरखाडीच्या ओळीतला आकडा आहे; 97.5 हा भायखळ्याच्या तुरुंगातला. दोन्ही एकाच गोष्टीचे माप नाहीत, एक आजाराचे आणि एक मृत्यूचे, हेही खरे. पण कोणत्यावर किती भार टाकायचा ते कळले पाहिजे.

दुसऱ्या तटासाठी आता. काउंटरवर एक म्हातारबुवा पासबुक भरायला येतात. त्यांनी एकदा विचारले, "भाऊ, तुम्हाले आकडे समजते. सुई घेतल्यानं माणूस पटकन मरते म्हणते लोक, खरं हाय का?" त्यांचा पुतण्या चाळिशीच्या आत, शेतात काम करता करता गेला होता. आम्ही त्या दिवशी उत्तर टाळले. रांग होती हे निमित्त. खरे म्हणजे उत्तर येत नव्हते.

यावर आयसीएमआरचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. देशातल्या 47 मोठ्या रुग्णालयांमार्फत 18 ते 45 वयाच्या, अचानक आणि कारण न कळता गेलेल्या 729 जणांची माहिती घेतली. प्रत्येकासाठी त्याच वस्तीतली, त्याच वयाची, तीच स्त्री-पुरुष जात असलेली जिवंत माणसे तुलनेला घेतली. लशीमुळे असे मृत्यू वाढल्याचे दिसले नाही. करोनाने रुग्णालयात भरती झालेले, घरात पूर्वी असा अचानक मृत्यू झालेले, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यालेले किंवा अंगाला न झेपणारी मेहनत केलेले, यांच्यात धोका जास्त दिसला. शेजारीपाजारीच तुलनेला घेतल्याने आमच्या म्हणण्यातला बराच घोळ तिथे कमी झालेला आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक ओळ आहे. दोन डोस घेतलेल्यांत अचानक मृत्यूची शक्यता कमी दिसली, जवळजवळ चाळीस टक्क्यांनी. ही ओळ घेऊन कोणी म्हणू लागले की लस अचानक मृत्यूही टाळते, तर आम्ही म्हणू, जरा थांबा. एकाच वस्तीतही जपून राहणारा आणि बेफिकीर असे दोन शेजारी असतात, आणि दोन्ही डोस वेळेवर घेणारा बहुधा पहिला. आणि हाच झुकाव एखादा लहानसा अपाय झाकूही शकतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून दुर्मिळ अपाय शोधायला वेगळी रीत वापरतात. त्याच माणसाची तुलना त्याच माणसाशी, टोचल्यानंतरच्या काही आठवड्यांची इतर दिवसांशी. आदल्या वर्षाचा उतारा, दुसरे काही नाही. कोव्हिशील्डच्या जातीच्या लशीने अगदी थोड्या लोकांत रक्ताच्या गाठी होतात हे 2021 मध्येच युरोपात डॉक्टरांच्या लक्षात आले होते. आपल्याकडे त्याची बातमी 2024 मध्ये गाजली. अपाय होता तो सापडला आणि किती दुर्मिळ आहे तेही कळले. तेव्हा म्हातारबुवांना आम्ही नंतर सांगितले ते असे : पुतण्या सुईने गेला असे म्हणायला आधार नाही, तो कशाने गेला ते आम्हाला सांगता येत नाही, पण घरातल्या बाकीच्या तरुण मुलांचे हृदय एकदा तपासून घ्या. त्यांनी दोघांना नेले.

आता पहिल्या तटाकडे, म्हणजे योजना बंद करा म्हणणाऱ्यांकडे. नोव्हेंबर 2021 मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कलेक्टरांनी आदेश काढला होता की निदान एक डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस, पेट्रोल मिळणार नाही. आपल्यातले काही जण तसेच काहीतरी इथे मागत आहेत. त्यांचा आधार कोणता? लस न घेतलेल्या वस्त्यांत पोरे जास्त आजारी पडतात आणि लस घेतलेल्या गावांत कमी, हा. बंधूंनो, ही तुलना आमच्या शिबिराच्या अहवालाहून वेगळी आहे का? ज्या टोल्यावर लस पोचत नाही तिथे नळ पोचला आहे का? पावसाळ्यात नाला भरला की एएनएमबाई पलीकडे जाऊ शकतात का? आईला रोज बुडवून मुलाला केंद्रावर नेणे परवडते का? तिथली पोरे जास्त आजारी पडतात त्यात गोवराची न घेतलेली लस आहेच, ती आम्ही नाकारत नाही. पण गढूळ पाणी आहे, अर्धे पोट आहे, चुलीचा धूर आहे. सगळे खर्च एकाच नावावर टाकून त्या आईला थकबाकीदार ठरवणे हा खोटा हिशेब आहे. ज्याला आपण 'जपणारा' म्हणतो त्याच्या जपण्यात त्याची अक्कल किती आणि त्याच्या दारावरून गेलेला डांबरी रस्ता किती, हे आधी वेगळे काढा.

पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये झाला. पांढुर्णा आणि सौंसर मिळून एवढाच आपला जिल्हा, लहान. एवढ्या जिल्ह्यात टोल्यावार नोंद ठेवणे अवघड नाही. आज जी यादी निघते तिच्यात 'लस बाकी' एवढाच रकाना असतो. आमची मागणी अशी आहे की त्याच्या शेजारी कारणाचा रकाना असावा : घरच्यांनी नकार दिला, की सत्राच्या दिवशी मूल आजारी होते, की कुटुंब कामाला बाहेरगावी होते, की सत्रच झाले नाही. शेवटचे कारण किती वेळा येते ते आम्हाला पाहायचे आहे. प्रशासनाला ते बहुधा आवडणार नाही. आणि लशीची माहिती घरोघरी देताना ती मराठीतही द्यावी. इथल्या आजीला हिंदी पत्रक वाचून दाखवायला नातू शाळेतून यायची वाट पाहावी लागते.

नकार देणाऱ्यांचे काय, असे कोणीतरी विचारणारच. त्यांच्याकडे जाऊन बसावे लागेल. ते काम मंडळाचे आहे, तहसीलदाराचे नाही. त्यांच्यापुढे 97.5 चा आकडा ठेवू नका. उंढेऱ्याची गोष्ट सांगा. एका घरातली निम्मी माणसे टोचली, पुढे काय झाले ते आकड्यांसह सांगा. आम्ही दोन घरी सांगून पाहिली. एका घरी उपयोग झाला, एका घरी चहा मिळाला.

निवेदनाचा नवा मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे. त्यातून 'योजना बंद कराव्यात' हे वाक्य काढले आहे आणि 'लशीचे आकडे बनावट आहेत' हेही काढले आहे, तेव्हा दोन्ही तटांची नाराजी आम्ही गृहीत धरतो. तिसऱ्या पानावर रकान्यांचा नमुना आहे, तो आम्ही बँकेच्या खातेवहीवरून आखला आहे. काही सुटले असेल तर सही करण्याआधी पेन्सिलीने तिथेच लिहा. आंगणवाडीच्या ज्या बाई आज आल्या आहेत त्यांनी तो आधी पाहावा, कारण भरायचा त्यांनाच आहे.